मंडळीचे अंदाजपत्रक: विश्वास जमेच्या बाजूला लिहायचा नसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नुकतेच मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार झाला आहात. नव्या वर्षाचे अंदाजपत्रक करायचे आहे. कमिटीतले काही जण म्हणतात, गेल्या वर्षीच्या आकड्यांत दहा टक्के घाला आणि मंजूर करून टाका. दुसरे म्हणतात, देवाच्या कामाला अंदाजपत्रक कशाला, पाऊल टाका, पैसा येईल. इकडे बँकेत शिल्लक चांगली दिसते, पण महिनाअखेर आली की पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पगारासाठी ओढाताण. हे असे का होते, आणि सुरुवात कुठून करायची?

मंडळ्यांचे हिशेब पाहण्यात आणि तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. माझ्या मते सुरुवात शेवटच्या तक्रारीपासून करा, कारण बाकी सगळ्याची गाठ तिथेच आहे. बँकेत पैसा आहे आणि पगाराला पैसा नाही, हे एकाच वेळी खरे असू शकते. बँकेच्या पासबुकात पैसा किती आहे एवढेच कळते. तो कोणत्या कामासाठी आला आहे, हे पासबुक सांगत नाही.

उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. खात्यात ९,००,००० दिसतात. आता कागद घ्या आणि यातला कोणता पैसा आधीच कोणाच्या तरी नावावर लागला आहे ते लिहा. इमारत निधी म्हणून लोकांनी दिलेले ४,६०,०००. सुवार्ता कार्यासाठी (धर्मप्रसारासाठी) १,२०,०००. विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी ९५,०००. गरजूंसाठी वेगळे काढलेले ४५,०००. पगारातून कापलेला पण अजून भरायचा राहिलेला कर २०,०००. बेरीज ७,४०,०००. म्हणजे मंडळीच्या रोजच्या कामाला मोकळे फक्त १,६०,०००, आणि दरमहा खर्च १,५०,००० असेल तर तुमच्याकडे जेमतेम एका महिन्याची पुंजी आहे. कमिटीसमोर ९,००,००० हा आकडा गेला की कोणीतरी नवा ध्वनिवर्धक सुचवणारच. १,६०,००० गेला तर चर्चा वेगळी होते. म्हणून अंदाजपत्रकाच्या आधी हा एक कागद करा आणि पुढे प्रत्येक मासिक अहवालात तो पहिल्या पानावर ठेवा.

विशिष्ट हेतूने दिलेला पैसा त्या हेतूलाच लागला पाहिजे. बहुतेक देशांत हा कायद्याचाही भाग आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. छपरासाठी दिलेल्या पैशातून वीजबिल भरले तर पैसा मंडळीतच राहिला, कोणी खाल्ला नाही, असे समर्थन हमखास ऐकू येते. देणाऱ्याने वीजबिलासाठी दिला नव्हता, एवढे त्याला उत्तर पुरे. अशी उसनवारी पहिल्यांदा होते तेव्हा सगळ्यांना ठाऊक असते. तिसऱ्या वर्षी कमिटी बदललेली असते आणि इमारत निधी नुसता वहीत उरतो.

यासाठी स्वतंत्र बँक खाती काढायची गरज नाही. उलट दहा खाती म्हणजे दहा ठिकाणी ताळमेळ. एक खाते, पण वहीत प्रत्येक निधीचे वेगळे पान, आणि सगळ्या पानांची बेरीज बँकेच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे, एवढे पुरते. सोबत एक लेखी ठराव करून घ्या: कोणते निधी मंडळी स्वीकारेल, काम पूर्ण होऊन पैसा उरला तर तो कुठे जाईल, आणि अटी घालून आलेले दान नाकारायचा अधिकार कोणाला. उरलेल्या पैशाबद्दलचे ते वाक्य निधी उघडतानाच जाहीर झालेले असले तर नंतर देणाऱ्यांची मनधरणी करावी लागत नाही. आणि हो, दान थांबवताही येते. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, कामाला पुरून उरेल इतके आल्यावर मोशेने छावणीत दवंडी पिटवून लोकांना आणखी आणू नका म्हणून सांगितले, हे बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायात आहे. निधी भरला तरी पेटी उघडी ठेवणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत. भरलेला निधी बंद झाल्याचे जाहीर करणाऱ्या फार थोड्या.

त्याच पुस्तकाचा ३८वा अध्याय लोक वाचताना गाळतात, खजिनदाराने गाळू नये. मोजणीतले पुरुष ६,०३,५५०, प्रत्येकाकडून अर्धा शेकेल (त्या काळचे वजन) चांदी. म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. एका किक्काराचे ३,००० शेकेल धरले की होतात १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. आता खर्च पाहा: १०० किक्कारांच्या १०० बैठका (मंडपाचे खालचे आधार), एकेका बैठकीला एक किक्कार, आणि वरच्या १,७७५ शेकेलांच्या खांबांच्या आकड्या व पट्ट्या. जमा आणि खर्च शेवटच्या शेकेलपर्यंत जुळतो. देवाच्या कामाला हिशेब कशाला असे म्हणणाऱ्यांपुढे मी हे पान उघडून ठेवतो.

आता जमेची बाजू. दहा टक्के घालण्याची पद्धत वाईट का, हे तुमच्याच वहीत दिसेल. गेल्या वर्षी एकूण २०,००,००० आले असे धरा. पण त्यात एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ दिलेले २,५०,००० होते. ते पुन्हा येणार नाहीत. म्हणजे नेहमीचे उत्पन्न १७,५०,०००. वीस लाखांवर दहा टक्के घातले की अंदाज होतो २२,००,०००, नेहमीच्या उत्पन्नाच्या जवळजवळ सव्वापट. महिना दीड लाखाप्रमाणे वर्षाचा खर्च आहे १८,००,०००, म्हणजे तुम्ही मुळातच पन्नास हजारांनी तुटीत आहात, आणि कमिटी मात्र वाढीच्या गप्पा मारते आहे. महिनाअखेरची ओढाताण ती हीच.

मी अंदाज असा करतो. गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न महिन्यांप्रमाणे मांडायचे. एकदाच आलेल्या मोठ्या देणग्या, मृत्युपत्राने आलेले पैसे, जुन्या सामानाची विक्री हे सगळे बाजूला काढायचे. मग उरलेल्या आकड्यांत चढ आहे की उतार ते पाहायचे. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाचे (ईस्टरचे) महिने फुगलेले असतात, सुट्ट्यांचे महिने रोडावतात. म्हणून बारा सारखे भाग करून चालत नाही, महिन्याचा अंदाज महिन्याच्या चालीने हवा. सभासदांकडून वचनपत्रे (वर्षभरात किती देणार याचे लेखी वचन) घेत असाल तर वचन दिलेले सगळे येते असे धरू नका. आधीच्या वर्षांत वचनातले किती प्रत्यक्ष आले ते प्रमाण लावा. शेवटी एक आकडा गुपचूप काढा: सर्वांत जास्त देणाऱ्या दहा घरांकडून एकूण दानाचा किती हिस्सा येतो? नावे तुमच्यापाशीच राहू द्या, पाळकांनाही ती कळायची गरज नाही, पण हिस्सा कमिटीला कळला पाहिजे. तो चाळीस टक्के असेल तर त्यातल्या दोन घरांची बदली झाल्यावर काय होईल, याचा विचार आताच करायला हवा.

आणि ते विश्वासाने पाऊल टाका म्हणणारे? त्यांची टर उडवू नका. जी मंडळी फक्त हाती असलेल्या पैशाएवढाच विचार करते ती दहा वर्षांनी त्याच जागी सापडते. पण विश्वास जमेच्या रकान्यात आकडा म्हणून लिहिता येत नाही. लिहिला की तो खर्च होतो, आणि भरपाई करावी लागते पाळकाच्या थकलेल्या पगारातून. माझा तोडगा असा: मुख्य अंदाजपत्रक सावध अंदाजावर. त्याखाली दुसरी यादी, तीही सर्वसाधारण सभेने मंजूर केलेली, जिच्यात नवी कामे पसंतीच्या क्रमाने आणि प्रत्येकापुढे रक्कम. पैसा आला की पहिले काम सुरू, पुन्हा सभा बोलवायला नको. लोकांना प्रार्थनेला आणि देण्याला ठोस विषय मिळतो, आणि पैसा नाही आला तर कोणाचे देणे थकत नाही. बुरूज बांधायला घेण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचे उदाहरण खुद्द येशूने दिले आहे. ते लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात आहे.

खर्चाच्या बाजूला मला दोनच ठिकाणी थांबायचे आहे, बाकी तुम्ही जमवून घ्याल.

पहिले, पाळकांचा पगार. खर्चाचा किती टक्के पगारावर जावा असे सगळे विचारतात. लहान मंडळीत तो निम्म्याहून जास्त असतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाळकाचे काम म्हणजेच मंडळीच्या कामाचा मोठा भाग. टक्केवारीपेक्षा हे पाहा: पगार वेळेवर जातो का, निवृत्तीसाठी आणि आजारपणासाठी काही बाजूला पडते का, राहते घर मंडळीचे असेल तर निवृत्तीनंतर ते कुटुंब कुठे जाणार. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे हे व्यासपीठावरून वाचायचे आणि तीन वर्षे पगारवाढ द्यायची नाही, याला त्याग म्हणत नाहीत. निदान दुसऱ्याच्या वतीने केलेल्याला तरी नाही. पगार ठरवताना पाळक बैठकीतून बाहेर असावेत, आणि ठरलेला आकडा इतिवृत्तात असावा.

दुसरे, इमारत. छप्पर एका दिवसात गळायला लागत नाही, पण कमिटीला ते दर वेळी एका दिवसातच कळते. छप्पर बदलायला ४,००,००० लागणार असतील आणि ते वीस वर्षे टिकणार असेल, तर दर वर्षी २०,००० हा खर्चच आहे, यंदा कोणी बिल पाठवले नाही इतकेच. रंग, वायरिंग, पंप, खुर्च्या, वाद्ये यांची अशीच यादी करा: किती वर्षांनी बदलावे लागेल आणि किंमत किती. प्रत्येकाची किंमत त्याच्या वर्षांनी भागा, त्यांची बेरीज करा, आणि तिचा बारावा भाग दरमहा दुरुस्ती निधीत टाका. पूर्ण रक्कम झेपत नसेल तर अर्धी टाका, पण ओळ अंदाजपत्रकात दिसू द्या. याशिवाय तीन महिन्यांच्या खर्चाएवढी साधी राखीव पुंजी हवी. एका वर्षात होत नाही. चार वर्षांत होते. नवी इमारत बांधायचा विचार असेल तर बांधकामाच्या खर्चाच्या जोडीला तिचा रोजचा खर्च, म्हणजे वीज, सफाई, विमा, राखण, आजच्या अंदाजपत्रकात घालून पाहा. पुष्कळ इमारती बांधून होतात आणि मग मंडळीलाच पोसाव्या लागतात.

आता तो विषय, जो काढला की कमिटीत कोणाचा तरी चेहरा पडतो. पैसे मोजायचे कोणी आणि कसे.

नियम एकच, माणूस एकटा आणि पैसा उघडा अशी वेळ येऊ द्यायची नाही. अर्पणाच्या थैल्या गोळा झाल्या की दोघांनी मिळून त्या ऑफिसात न्यायच्या. मोजणारे दोघे किंवा तिघे, एकाच घरातले नाहीत. नवरा-बायको किंवा बाप-लेक ही जोडी मोजणीपुरती एकच व्यक्ती. खजिनदाराने स्वतः मोजू नये, म्हणजे तुम्हीही नाही. नोटा मूल्याप्रमाणे लावायच्या, पाकिटावर लिहिलेली रक्कम आत आहे का ते पाहायचे, तफावत असेल तर पाकिटावर तिथेच लिहून दोघांची सही. मग मोजणी तक्ता: कोणती नोट किती, नाणी किती, चेक किती, त्यातले दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग म्हणून दिलेले) किती, उपकारस्तुतीचे (देवाचे आभार म्हणून दिलेले) किती, इमारतीचे किती. सगळ्यांच्या सह्या. तक्त्याची एक प्रत पैशाबरोबर, दुसरी थेट हिशेब लिहिणाऱ्याकडे. पैसे आले तसेच्या तसे बँकेत. फुलांचे किंवा चहाचे पैसे थैलीतून परस्पर द्यायचे नाहीत, रक्कम कितीही किरकोळ असो. खर्च व्हाउचरने, व्हाउचरला बिल जोडलेले, चेकवर दोन सह्या. आणि कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवायची सवय असेल तर ती या महिन्यातच मोडा.

बँकेचा ताळमेळ महिन्याला करायचा आणि तो हिशेब लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने पाहायचा. बँकेचे विवरणपत्र त्याच्याकडे थेट आले पाहिजे. क्यूआर कोड लावला असेल तर तो मंडळीच्या खात्याचा हवा. कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात पैसे गोळा करून नंतर भरतो ही सोय नाकाराच. मधूनमधून स्वतःच त्यावर छोटी रक्कम भरून ती योग्य खात्यात येते का पाहावे, कारण छापील कोडवर दुसराच चिकटवण्याची युक्ती ठगांना चांगली अवगत आहे.

हे सुचवले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: आमच्यावर विश्वास नाही का? इतकी वर्षे एकट्याने मोजणाऱ्या वयस्कर माणसाला हे लागते, आणि तेही समजण्यासारखे आहे. मी त्यांना दोन गोष्टी सांगतो. अफरातफरीचा अभ्यास करणारे अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातल्या अशा कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांतून दिसले ते असे की बरेच जण चोरी करायची म्हणून हात घालत नाहीत. कोणाला सांगता येत नाही अशी अडचण असते, पैसा हाताशी असतो, आणि मन म्हणते की उसना घेतोय, पुढच्या महिन्यात ठेवीन. अडचण मंडळीला टाळता येत नाही, मनाचे बोलणे तर नाहीच. हाताशी असणे तेवढे टाळता येते. दुसरी गोष्ट अशी की कधी पैसे कमी भरले, तर एकट्या मोजणाऱ्यापाशी आपण घेतले नाहीत याचा काही पुरावा नसतो. दोन सह्यांचा तक्ता त्याला वाचवतो. बायबलमध्येही हेच दिसते. यरुशलेमच्या संतांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी, जमवलेली मोठी रक्कम नेताना प्रेषित पौल एकटा गेला नाही. कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, आणि जे प्रभूच्या दृष्टीने तेच माणसांच्याही दृष्टीने नीट असावे असे लिहिले. बाबेलहून परतणाऱ्या यहुद्यांच्या पुढारी एज्राने मंदिराचे सोने-चांदी याजकांच्या हाती वजन करून दिले आणि यरुशलेमला पोहोचल्यावर पुन्हा वजन करून लिहून घेतले. याजकांवर त्याचा अविश्वास होता असे कोणी म्हणत नाही.

गरजूंच्या मदतीचा निधी हा नाजूक भाग. इथे नावे गुप्त राहायला हवीत, पण गुप्ततेच्या आड रक्कम गडप होता कामा नये. तीन जणांची छोटी समिती, मदत शक्यतो थेट दवाखान्याला किंवा शाळेला, घेणाऱ्याचे नाव समितीच्या वहीत, आणि मंडळीपुढे फक्त एवढे: अमुक कुटुंबांना एकूण अमुक रक्कम. समितीतल्या कोणाच्या नातेवाइकाचा अर्ज आला तर त्याने त्या निर्णयापुरते उठून जायचे. पाळकांच्या खिशात मदतीसाठी रोकड देऊन ठेवायची पद्धत बंद करा. त्यांच्या दारी येणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना सर्वांत अवघड जाते.

अहवालाबद्दल फार बोलत नाही. महिन्याला एक पान, साध्या भाषेत: अंदाज, प्रत्यक्ष, फरक, आणि फरक मोठा असेल तिथे एक ओळ कारण. वर निधींचा तो कागद. फलकावर लावा. वर्षाअखेर तपासनीस बाहेरचा असावा. झेपत नसेल तर निदान सही करणाऱ्यांचा नातेवाईक नसावा. मला एक विचित्र गोष्ट नेहमी जाणवते. हिशेब उघडा ठेवला की लोक तो फारसा वाचत नाहीत. झाकला की सगळी मंडळी हिशेबतज्ज्ञ होते.

तूट पडली तर काय, हे वर्ष सुरू होण्याआधी ठरवून ठेवा, कारण सातव्या महिन्यात जो तो आपापला विभाग वाचवतो. लागोपाठ दोन महिने प्रत्यक्ष उत्पन्न अंदाजापेक्षा दहा टक्क्यांनी कमी आले तर नवी खरेदी आपोआप थांबेल, तिसऱ्या महिन्यातही तसेच झाले तर कमिटी मंडळीला आकडे सांगेल, अशी दोन वाक्ये ठरावात असू द्या. थांबवण्याचा क्रमही लिहा. पगार आणि सरकारी देणी सर्वांत शेवटी. मिशनचे दान सर्वांत आधी कापायची जी सवय असते तिचा एकदा नीट विचार करा. ज्यांना आपण दरमहा पाठवतो त्यांच्याही घरी चूल आहे. मंडळीला सांगताना धमकी नको, अपराधीपणा नको, शापाची भाषा तर मुळीच नको. आपल्याजवळचे होते तेवढे दान करणाऱ्या विधवेच्या दोन टोल्यांची (लहान नाण्यांची) गोष्ट सांगून गरिबांकडून आणखी मागणाऱ्यांनी मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातले तिच्या आधीचे वचनही वाचावे. विधवांची घरे गिळणाऱ्यांबद्दल आहे ते.

तुम्ही अजून नवीन आहात, म्हणून कामांचा क्रम सांगतो. या आठवड्यात आधीच्या खजिनदारांकडून लेखी ताबा घ्या: सर्व खात्यांची विवरणपत्रे, सही करणाऱ्यांची नावे, चेकबुके, पावतीपुस्तकांचे क्रमांक, किल्ल्या, पासवर्ड, आणि हातातली रोकड दोन साक्षीदारांसमोर मोजून. ज्यांची मुदत संपली त्यांच्या सह्या बँकेतून काढून टाका. हे काम वर्षानुवर्षे राहून जाते. त्यानंतर निधींचा कागद, मग तीन वर्षांचे महिनावार उत्पन्न. अंदाजपत्रकाला हात त्याच्यानंतर घाला, आणि कमिटीपुढे नेण्याआधी आधीच्या खजिनदारांना दाखवा. कुठल्या महिन्यात कुठले बिल अचानक उगवते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते.